उभी गाडी, बसलेली बॅटरी

मोटारीची बॅटरी गाडी धावताना भरते आणि गाडी उभी असताना रिकामी होते. वाक्य इतके सोपे असूनही गाडी जितकी कमी बाहेर काढावी तितकी तिची बॅटरी जास्त टिकते, असे ठामपणे मानणारी माणसे प्रत्येक हाउसिंग सोसायटीत असतात. त्यांत निदान एक निवृत्त इंजिनिअर असतो. ‘आठ वर्षांत फक्त चौदा हजार झालीय’ असे तो पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणेही माना डोलावतात, कारण वस्तू जपणे म्हणजे ती न वापरणे हा मराठी मध्यमवर्गाचा जुना सिद्धान्त आहे. सीटकव्हर, टायरची नक्षी, रंग यांना हा सिद्धान्त थोडाफार लागू पडतो. बॅटरीला तो मुळीच लागू पडत नाही. त्या चौदा हजार किलोमीटरांत सध्या तिसरी बॅटरी चालू आहे, हे पाहुण्यांना सांगितले जात नाही.

गाडी क्वचित चालण्याची कारणे यांत्रिक नसतात, कौटुंबिक असतात. मुलगा परदेशी गेला की त्याची गाडी आईवडिलांकडे राहते. वडिलांना ती चालवता येते, पण तिच्यावर त्यांचा हात बसलेला नसतो. आणि विकावी तर मुलगा डिसेंबरात येणार असतो. काही घरांत ऑफिसला लोकल, भाजीला स्कूटर आणि लग्नाला रिक्षा हेच सोयीचे पडते, कारण कार्यालयापाशी गाडी लावायला जागा नसते. सगळ्यांत प्रबळ कारण हेच, जागेचे. पुण्या-मुंबईच्या जुन्या सोसायट्यांत ज्याची गाडी आधी उभी त्याची जागा, असा अलिखित कायदा चालतो. तिथे गाडी बाहेर काढणे म्हणजे जागेवरचा हक्क सोडणे. अशी गाडी वाहन उरत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला तो रुमाल असतो, फक्त सात लाखांचा. रुमालाला बॅटरी नसते, एवढाच काय तो फरक.

या बॅटरीचे रसायन फार जुने आहे. फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली, आणि बॉनेटखाली आजही मुळात तीच बसलेली आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात सहा घरे असतात. प्रत्येक घरात शिशाच्या आणि लेड डायऑक्साइडच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. एका घराचे सुमारे २.१ व्होल्ट, सहांचे मिळून १२.६ किंवा किंचित अधिक. वीज खर्च होते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमत जाते आणि आम्ल पातळ होते. बॅटरी भरताना याच्या उलट घडते. मोटारीला या डब्याची खरी गरज लागली ती १९१२ पासून. त्या वर्षी चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी गाडीसमोर उभे राहून हँडल मारावे लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडत असे. मनगटे वाचली, पण गाडीचा प्राण डब्यात गेला. आपल्याकडच्या ॲम्बॅसडरने हँडलची सोय पुष्कळ वर्षे राखली होती, त्यामुळे बॅटरी बसली तरी घरातला एखादा दणकट भाचा कामी येत असे. आजच्या गाडीला भाच्याचा काही उपयोग नाही.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते ती मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट नैसर्गिक आहे. कुठलीही तार न जोडता बॅटरी नुसती फळीवर ठेवली तरी आतल्या आत रसायने थोडी थोडी झिजतात आणि महिन्याला काही टक्के वीज नाहीशी होते. उष्णता वाढली की हा वेगही वाढतो. ढोबळ हिशेबाने दर दहा अंश सेल्सिअसमागे तो दुप्पट होतो. म्हणून मे महिन्यात नागपूरला उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी महाबळेश्वरच्या गाडीपेक्षा लवकर थकते. माणसांचेही तसेच होते, पण माणसे कूलर लावून बसतात. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की जमीन वीज पिते, असे सांगणारे अनुभवी लोक अजून भेटतात. बॅटरीचे डबे लाकडाचे आणि कडक रबराचे असत त्या काळापासूनचा हा समज आहे. प्लॅस्टिकच्या डब्यातून जमीन काहीही पीत नाही.

दुसरी वाट गाडीनेच काढलेली असते. किल्ली काढली, दार लावले, कव्हर घातले, म्हणजे गाडी झोपली असे मालक समजतो. प्रत्यक्षात तिच्यातले घड्याळ चालू असते, चोर येतो का यावर अलार्म लक्ष ठेवून असतो, रिमोटची हाक ऐकायला एक कान उघडा असतो आणि दोनचार छोटे संगणक आपापली स्मृती धरून बसलेले असतात. या सगळ्यांचा मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहत राहतो. आकडा किरकोळ वाटतो, पण प्रवाह क्षणभरही थांबत नाही आणि गाडी महिनाभर उभी असते.

याचा हिशेब मराठी पंचांगावर मांडला तर चटकन समजतो. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आणि गळती ३० मिलिअँपिअरची धरली, तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास जातात. गणपतीला कोकणात जाऊन आलेली गाडी अनंत चतुर्दशीला कव्हराखाली गेली, तर दसऱ्यापर्यंत निम्म्याहून जास्त बॅटरी संपलेली असते. दसऱ्याला गाडी धुतली जाते. धुताना चारही दारे उघडी असतात, आतले दिवे लागलेले असतात आणि वातावरणनिर्मितीसाठी गाणीही चालू असतात. मग झेंडूचा हार, हळदकुंकू, बॉनेटवर स्वस्तिक. बॉनेट उघडले मात्र जात नाही. पूजेनंतर कोणी सेल्फ मारलाच, तर गाडी थोडी कण्हते, पण चालू होते. आणि हीच त्यातली वाईट गोष्ट, कारण त्यामुळे सगळ्यांचे समाधान होऊन गाडी पुन्हा कव्हराखाली जाते. दिवाळी येईतो ३५ पैकी जवळपास सगळे अँपिअर-तास संपलेले असतात. भाऊबिजेच्या सकाळी ओवाळणीची साडी, फराळाचे डबे आणि नटलेली मुले घेऊन बसलेल्या कुटुंबाला बॉनेटखालून फक्त ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो.

हे झाले कंपनीतून आली तशा गाडीचे. हौसेने बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, वायर कापून जोडलेली म्युझिक सिस्टिम यांतले काहीही किल्ली काढल्यावर बंद होत नसेल, तर हा हिशेब महिन्यांवरून आठवड्यांवर येतो. डिकीतला किंवा छतातला पाच वॉटचा दिवा लागलेला राहिला तर तो दिवसांवर येतो: चोवीस तासांत दहा अँपिअर-तास, म्हणजे तिसऱ्या दिवशी गाडी गप्प. बटणाने चालू होणाऱ्या काही गाड्या किल्ली जवळ असेपर्यंत अर्धवट जाग्याच राहतात. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाने अशा गाडीची किल्ली भिंतीपलीकडच्या खुंटीवर टांगली, तर गाडी रात्रभर मालक आला असे समजते. रोज पहाटे येऊन गाडी पुसणारा मुलगा कव्हर काढतो, फडके मारतो, कव्हर घालतो. गाडी लखलखीत असते. बॅटरी पुसण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

उतरलेली बॅटरी पुन्हा भरली की झाले, इतके हे प्रकरण साधे नसते. पट्ट्यांवर जमलेले लेड सल्फेट ताजे असते तोवर चार्ज केल्यावर विरघळते. तेच आठवडेन् आठवडे तसेच राहिले तर त्याचे कडक स्फटिक होतात, आणि ते मग चार्जरला दाद देत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निवृत्त होतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी वरून तशीच दिसते, आतून ती वीसची झालेली असते. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली आणि लाखो गाड्या महिनोन् महिने जागच्या जागी राहिल्या, तेव्हा हे रसायनशास्त्र पुष्कळ घरांना एकाच वेळी समजले. दुकाने उघडल्यावर बॅटरीवाल्यांचे फोन लागेनासे झाले होते.

यावरचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे रविवारी सकाळी गाडी चालू करून पाच मिनिटे उभी ठेवणे. हा उपाय असण्यापेक्षा विधी अधिक आहे. मालक आठाच्या सुमारास अंघोळीआधीच्या वेषात खाली येतो, सेल्फ मारतो, ॲक्सिलरेटरवर दोनदा पाय देऊन सोसायटीला जागे करतो आणि गरम होते म्हणून एसी लावून आत पेपर वाचत बसतो. ‘वॉर्म-अप देतोय’ असे तो काचेतूनच सांगतो. हिशेब असा, की सेल्फ एका वेळी शंभर-दीडशे अँपिअर ओढत असला तरी दोन-तीन सेकंदच ओढतो, म्हणजे साधारण ०.१ अँपिअर-तास. तेवढे त्या पाच मिनिटांत भरून निघू शकते. पण आठवडाभर ठिबकून गेलेले पाच अँपिअर-तास त्यात भरून निघत नाहीत. इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर कमी वीज करतो आणि त्यातला मोठा वाटा एसी, पंखा आणि रेडिओ घेतात. बॅटरीला पोचते ते उरलेसुरले. शिवाय इंजिन पुरते गरम न झाल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते, आणि धूर पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जातो, ज्याची तक्रार पुढच्या सभेत येते. बंदिस्त तळघरात हा विधी करणे तर धोक्याचेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्याची तक्रार येत नाही.

खरा उपाय गाडी चालवणे हा आहे. आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास, अडत-अडखळत नव्हे तर जरा मोकळ्या रस्त्यावर. इंजिन नीट वेगात फिरले की अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास वीज देतो आणि बॅटरी ती घेऊ लागते. ती शेवटची वीस टक्के फार सावकाश घेते; पूर्ण भरायला कित्येक तास लागतात, म्हणून एका फेरीत वर्षाचे पाप धुतले जात नाही. दर आठवड्याची फेरी मात्र गळतीला पुरून उरते. अडचण येते ती निमित्ताची. देऊळ सातशे मीटरवर असते, भाजी कोपऱ्यावर मिळते, आणि बॅटरीसाठी पेट्रोल जाळणे मराठी मनाला पटत नाही. म्हणून पुण्यात काही गाड्या सातारा रस्त्याने खेड-शिवापूरच्या दिशेने निघतात आणि टोलनाक्याच्या अलीकडे वळून परत येतात. प्रवासात कोणी काही विकत घेत नाही, कोणाला भेटत नाही. तरीही विद्युतशास्त्राच्या दृष्टीने ही सहल पूर्ण यशस्वी असते.

महिना-दोन महिने गावाला किंवा मुलाकडे जायचे असेल, तर बॅटरीचा काळा, म्हणजे ऋण टोकाचा, क्लॅम्प सोडवून बाजूला ठेवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. बहुतेक गाड्यांना त्यासाठी दहा नंबरचा पाना पुरतो. आधी काळा काढायचा आणि जोडताना तो शेवटी जोडायचा. लालपासून सुरुवात केली आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते, आणि त्या ठिणगीचा आवाज ऐकलेला माणूस पुन्हा क्रम विसरत नाही. क्लॅम्प काढल्यावर गळती थांबते, नैसर्गिक झीज तेवढी उरते. त्याची किंमतही मोजावी लागते: परतल्यावर घड्याळात बारा वाजलेले असतात, रेडिओ आपली स्टेशने विसरलेला असतो, काही गाड्यांत तो सांकेतिक आकडा मागतो, आणि काचा एका बटणात वर जाण्याचे कसब पुन्हा शिकवावे लागते. डिकी विजेच्या कुलपाची असेल तर काळा काढण्याआधी पाना, चार्जर आणि लोणच्याची बरणी डिकीतून बाहेर काढलेली बरी.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे बॅटरी कायम भरलेली राखणारा स्वयंचलित चार्जर. साधा जुना चार्जर महिनाभर जोडून ठेवला तर तो बॅटरीतले पाणी उकळवून टाकील. स्वयंचलित चार्जर मात्र बॅटरी भरली की हात आखडता घेतो आणि साडेतेरा व्होल्टच्या आसपास नुसती देखरेख करतो. त्याला वीजही फार लागत नाही, महिन्याला चार-पाच युनिटे. परंतु चार्जरला सॉकेट लागतो, आणि पार्किंगमधला सॉकेट सोसायटीच्या मीटरवर असतो. इथे विषय विद्युतशास्त्रातून सहकार कायद्यात जातो. अर्ज द्यावा लागतो. सभेत तो ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात येतो. ‘आज यांना दिला तर उद्या सगळे मागतील’ असे एक सभासद म्हणतात, त्यांच्याकडे गाडी नसते. चाळीस-पन्नास रुपयांच्या विजेवर दीड तास चर्चा होते, आणि चहाचा खर्चच त्याहून जास्त येतो. शेवटी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन सोडण्याचा पर्याय पुढे येतो, जो पावसाळ्यात तर करूच नये. डॅशबोर्डवर ठेवायची सोलर पट्टी उघड्यावर उभ्या गाडीला थोडी मदत करते. इमारतीच्या पोटातल्या पार्किंगमध्ये, तेही कव्हराखाली, ती शोभेची वस्तू असते.

बॅटरीची तब्येत बघायला काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद करून काही तास, शक्यतो रात्रभर, तशीच ठेवावी आणि मग मोजावे. नुकत्याच चालून आलेल्या गाडीचा आकडा खोटा फुगलेला असतो. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली म्हणजे तातडीने चार्ज करायची. बाराची बॅटरी बारा व्होल्ट दाखवते म्हणून ती ठणठणीत आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्यांत पुन्हा ते निवृत्त इंजिनिअर आढळतात, पण त्यांची शाखा स्थापत्य असते.

टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ती धुवावी, कोरडी करावी, क्लॅम्प घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. झाकणे असलेल्या बॅटरीत पातळी खाली गेली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे. फिल्टरचे पाणी ‘शुद्धच असते’ हा युक्तिवाद शिशाच्या पट्ट्या ऐकून घेत नाहीत.

इतके सांभाळूनही बॅटरी बसलीच, तर पहिली परीक्षा दार उघडण्याची असते, कारण रिमोट चालत नाही. रिमोटच्या पोटात एक खरी किल्ली दडलेली असते आणि हँडलपाशी, कधी कधी टोपीखाली, एक खरे भोक असते. अनेक मालकांना या दोन्ही गोष्टींचा शोध याच दिवशी लागतो. गिअरची गाडी असेल तर सेल्फचे काम धक्का करू शकतो: किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून फक्त व्यायाम होतो. जंपर केबल लावायच्या तर लाल टोक आधी बसलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे लाल चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळे चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचे काळे बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, कारण बॅटरीजवळ हायड्रोजन जमलेला असू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. पार्किंगमध्ये जमलेल्या सहा जणांना सहा वेगळे क्रम ठाऊक असतात. गाडी चालू झाल्यावर लगेच बंद करून ‘चला, झाले’ म्हणणे हा सातवा प्रकार.

विजेवर चालणाऱ्या मोटारी यातून सुटल्या आहेत असे वाटते, पण त्यांतल्या बहुतेकींत मोठ्या बॅटरीसोबत बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. कुलपे, दिवे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच यांना वीज देणारी तीच. ती बसली की शेकडो किलोमीटर पळण्याइतकी वीज पोटात असलेली गाडी दारसुद्धा उघडत नाही.

उष्ण हवेत साधारण तीन ते पाच वर्षांत बॅटरी बदलावीच लागते, गाडी कितीही कमी चालवा. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यायची असते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती इतर कचऱ्यात टाकायला मनाई केली आहे, आणि शिशाला भाव असल्यामुळे दुकानदार तिचे काही रुपये वजाही करतो. वॉरंटीच्या कार्डावर दोन मुदती असतात: पहिलीत बिघडली तर नवी फुकट, दुसरीत नव्या बॅटरीवर वापराच्या प्रमाणात सूट. न वापरता बसलेली बॅटरी तपासून दुकानदार नुसते ‘डिस्चार्ज आहे, खराब नाही’ म्हणतो आणि चार्जिंगचे पैसे घेतो. नवी घेताना तिच्यावरचा महिना आणि वर्ष वाचावे. दुकानाच्या फळीवर आठ महिने बसलेली बॅटरी नवी म्हणूनच विकली जाते, आणि तिलाही चालवून आणणारे कोणी नसते. अशी मिळाली तर व्होल्ट मोजून, पूर्ण चार्ज करूनच बसवून घ्यावी.